तीस सेकंदांचं घराणं

1902 साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने गायिका गौहरजानला तबकडीपुरती तीन मिनिटं दिली. केवढी ही उधळपट्टी! स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की मोजलं जातं. पुढचं ज्याच्या त्याच्या हौसेचं. शिवाय 2024पासून, वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला छदामही मिळत नाही. निष्काम कर्मयोगाची एवढी चोख सोय गीतेलाही जमली नव्हती.

विलंबित एकतालाचं एक आवर्तनसुद्धा तीस सेकंदांत मावत नाही. हा दोष अर्थातच तालाचा. तेव्हा बुवांनी आलापाच्या भानगडीत न पडता थेट तिहाईच घ्यावी आणि एकतिसाव्या सेकंदाला तंबोरे गवसणीत घालावेत. श्रोत्यांनी दाद आगाऊ द्यावी. बिदागीचं हजाराव्या वेळी बघू.