पुस्तकाचे दात

फलश्रुती ही मराठी पुस्तकाची सर्वांत जुनी जाहिरात. पोथी वाचल्याने, ऐकल्याने किंवा नुसती घरात ठेवल्याने काय काय पदरात पडते, याचा जमाखर्च तिच्यात असतो. त्यातही जमाच, खर्च नाही. पूर्वी ती शेवटच्या पानावर असे. वाचणाऱ्याने आधी सगळी पोथी संपवायची, मग लाभ कळायचा. आत्मविकासाच्या पुस्तकांनी तिला उचलून मुखपृष्ठावर बसवले, शेजारी पिवळा गोल शिक्का मारला आणि ‘आयुष्य बदलून टाकणारे’ हे विशेषण तिला कायमचे नेमून दिले.

जुन्या फलश्रुतीचा एक गुण मात्र मान्य करावा लागतो. ती मुदत सांगते. देवीदासांच्या व्यंकटेश स्तोत्रात धनार्थ्याला २१ दिवस, पुत्रार्थ्याला ३ महिने आणि कन्यार्थ्याला ६ महिने, असे वेळापत्रकच दिले आहे. कन्यार्थी म्हणजे लग्नासाठी मुलगी शोधणारा, हा अर्थ धरला तर पैशापेक्षा बायको मिळायला साडेआठ पट वेळ लागतो. लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्यात शेती करणाऱ्या मुलाचा बायोडाटा घेऊन हिंडलेला बाप हा अंदाजही फार आशावादी म्हणेल, पण कवीने प्रमाण बरोबर ओळखले होते यात शंका नाही. नवनाथ भक्तिसाराच्या ४० व्या अध्यायात तर आधीच्या अध्यायांची फळे किराणा दुकानातल्या दरफलकासारखी ओळीने लावली आहेत. गरज पाहून अध्याय निवडावा. अशा विधानांची परीक्षा घेणे निदान शक्य असते. २२ व्या दिवशी ट्रंक उघडून पाहिली की झाले.

आधुनिक जाहिरातीने नेमकी ती मुदत काढून टाकली. नेपोलियन हिल यांचे ‘थिंक अँड ग्रो रिच’ १९३७ साली आले. विचार करा आणि श्रीमंत व्हा, एवढेच नाव सांगते. किती दिवसांत, ते सांगत नाही. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी आपल्याला या कामाला लावले, असे हिल सांगत. हे पुस्तक निघाले तेव्हा कार्नेगींना जाऊन १८ वर्षे झाली होती, त्यामुळे इन्कार यायची भीती नव्हती. रॉबर्ट कियोसाकी यांचे ‘रिच डॅड पुअर डॅड’ १९९७ चे. त्यांच्या एका कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पुस्तकाच्या मुखपृष्ठात त्यामुळे काही फरक पडला नाही. ऱ्होंडा बर्न यांचे ‘द सीक्रेट’ २००६ चे. मागावे, विश्वास ठेवावा, मिळते, अशा तीन पायऱ्या त्यात आहेत. मराठी माणसाला यातली मधली पायरी ओळखीची वाटते, कारण ‘भाव तसा देव’ हे त्याला घरातच शिकवलेले असते.

सगळी मेख या मधल्या पायरीत आहे. फळ मिळाले तर श्रेय पुस्तकाचे, नाही मिळाले तर दोष वाचकाच्या विश्वासाचा. गुरुचरित्राच्या सप्ताहात हेच काम सोवळे करते: भुईवर झोपणे, आहार मोजका, आसन एकच. इतके नियम म्हटल्यावर एखादा मोडणारच आणि मोडला की पोथी सुटली. विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत जे असते ते पारायणात चटईवर झोपून पाळावे लागते. कोणत्याही परिणामाने जे खोटे ठरू शकत नाही, त्याला दावा म्हणणे हा दाव्याचा अपमान आहे.

खरा दावा कसा असतो आणि कसा तपासतात, हे पाहायला देवणीसारखी जागा नाही. या गावाच्या नावाने ओळखला जाणारा गोवंश दुधालाही चालतो आणि औतालाही, असा लौकिक आहे. तो तपासायला एक चरवी आणि एक औत पुरते. बाजारात बैल उभा असतो. वानेरा, बालंक्या की शेवरा, हे रंगावरून लांबूनच कळते. विकणारा म्हणतो, “एकदम गरीब हाय मालक, लेकरानं धरला तरी हलायचा न्हाई.” घेणारा त्यावर वाद घालत नाही. तो बैलाचा खालचा ओठ ओढून दात मोजतो. आदत, दुसा, चौसा, सहादाती की जुळलेला, हे त्या जबड्यातच छापलेले असते आणि ती आवृत्ती कोणाला बदलता येत नाही. मग खांदा दाबून पाहतो, चार पावले चालवतो, शेपटीवर हात ठेवतो. त्यानंतर उपरण्याखाली बोटांनी भाव ठरतो. दलालाने आजवर किती बैल विकले, हे कोणी विचारतही नाही.

तोच गृहस्थ जत्रेत पुस्तकांच्या पथारीपुढे मात्र ‘लाखो प्रती खपल्या’ एवढे वाचून खिशात हात घालतो. खप हा पुस्तक विकले गेल्याचा पुरावा आहे, उपयोगी पडल्याचा नव्हे. विहिरीत हजार पोहरे सोडले गेले म्हणून तिला पाणी आहे असे लातूर जिल्ह्यात तरी कोणी मानणार नाही. उलट, इतक्या जणांना पुन्हापुन्हा पोहरा का सोडावा लागला, हीच शंका येईल.

कायदा इथे एक फरक करतो, तो बारकाईने समजून घेण्याजोगा आहे. पुस्तक वेगळे आणि पुस्तकाची जाहिरात वेगळी. काहीही लिहिण्याची, वाचण्याची, मानण्याची मुभा मोठी आहे. विकण्यासाठी काहीही सांगण्याची मुभा त्यापेक्षा खूप लहान. अमेरिकेतल्या केव्हिन ट्रुडो या विक्रेत्याला हा फरक फार महागात पडला. टीव्हीवर वस्तूंच्या जाहिराती करायला त्यांना २००४ मध्ये बंदी झाली, पण पुस्तकांपुरती सूट मिळाली. अट एवढीच की पुस्तकात काय आहे ते खरे सांगायचे. मग त्यांचे वजन घटवण्याचे पुस्तक निघाले. जाहिरातीत उपाय सोपा होता, घरच्या घरी होणारा. पुस्तकात मात्र दिवसाला ५०० कॅलरींचा आहार आणि संप्रेरकाची इंजेक्शने निघाली. उपाय लागू पडतो का, या वादात शिरण्याची न्यायालयाला गरजच उरली नाही. जाहिरात आणि पुस्तक शेजारी ठेवून पाहिले, एवढेच. २०१४ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल १० वर्षांची शिक्षा झाली.

देवणीच्या जवळचा दाखला औरंगाबाद खंडपीठाचा आहे. लातूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. टीव्हीवर ‘हनुमान चालिसा यंत्र’ विकले जात होते. ते घेतल्याने धंदा, नोकरी, तब्येत सगळे मार्गी लागते, असे प्रसिद्ध चेहरे सांगत. एका शिक्षकाने त्याविरुद्ध याचिका केली. न्या. तानाजी नलावडे आणि न्या. मुकुंद सेवलीकर यांनी जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला: अलौकिक गुण असल्याचे सांगून अशा वस्तूंची जाहिरात करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसणारा गुन्हा आहे, आणि ती दाखवणारी वाहिनीही सुटत नाही. अशा जाहिरातींवर नजर ठेवायला मुंबईत कक्ष उभारावा, असेही सांगितले. हनुमान चालिसेवर मात्र कसलाही ठपका नाही. तुलसीदासांनी यंत्र विकले नव्हते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर आलेला हा कायदा पोथ्या बंद करतो, ही समजूत गावोगाव आहे आणि ती चुकीची आहे. कीर्तन, प्रवचन, भजन, वारी यांना त्यात स्पष्ट सूट आहे. दिवंगत संतांचे चमत्कार सांगायला आणि ते साहित्य वाटायलाही आहे. हयात बाबांच्या चमत्कारांना मात्र अट घातली आहे: ऐकणाऱ्याच्या अंगाला किंवा खिशाला इजा होता कामा नये. चमत्कार करणाऱ्याने आधी देह ठेवावा, हा कायद्याचा व्यवहारी सल्ला दिसतो.

रोग बरे करण्याचा दावा असेल तर १९५४ चा औषधी व जादूई उपाय कायदा लागतो. ताईत, मंत्र आणि कवच हे तिन्ही त्याच्या व्याख्येत आहेत. शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेले पुस्तक वगळले आहे. बाकी सगळ्यांसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी एक चांगले काम केले: दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरांत, खुलासाही त्याच भाषेत आणि तसल्याच अक्षरांत हवा. मराठीत करोडपती करून तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत हात झटकणे त्यामुळे नियमबाह्य ठरले.

‘अप्रतिम’, ‘प्रत्येक घरात हवेच’ असल्या शब्दांवर तक्रार चालत नाही. ती विकणाऱ्याची नेहमीची बडबड आहे, “एकदम गरीब हाय मालक” याच जातीची. ‘२१ दिवसांत कर्जमुक्ती’ किंवा ‘मधुमेह कायमचा गेला’ हे मात्र दात मोजण्यासारखे विधान आहे. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे कोणी श्रद्धा किती होती ते विचारत नाही. पावती आणि जाहिरातीचा कागद विचारतात, तेव्हा तो कागद जपून ठेवावा; पोथीत खूण म्हणून घातलेला असला तरी चालतो.