हात न आवरणारा बागाईतदार

नाशिक जिल्ह्यातला द्राक्षबागाईतदार दुसऱ्याच्या बागेत शिरला, की मालकाची खुशाली विचारायच्या आधी मण्याचा घेर बघतो. दिंडोरी तालुक्यातले आमचे नाना या जातीचे मुकुटमणी. भोकं पाडलेली एक प्लास्टिकची पट्टी त्यांच्या खिशात कायम असते. १६ मिलिमीटरच्या भोकातून मणी खाली पडला, की त्या बागेत नाना पाणीसुद्धा पीत नाहीत. १८ च्या भोकात अडकला, तर चहा घेतात आणि औषधांचं वेळापत्रक मागतात.

नानांचा सगळा जन्म मणी फुगवण्यात गेला. थॉम्सन, तास-ए-गणेश, सोनाका, सगळा बिनबियांचा कारभार. जीए या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवायचे, विरळणी करून मण्याला मण्याचा धक्का लागू द्यायचा नाही, उन्हानं रंग बिघडू नये म्हणून एकेका घडाला कागद गुंडाळायचा. मुंजीतल्या बटूचंही इतकं कौतुक होत नसेल.

अशा माणसाच्या धाकट्या मुलानं एका वायनरीशी करार करून एक एकर शिराझ, म्हणजे वाइनची द्राक्षं, लावली. नानांना सांगितलं ते कलमं बांधून झाल्यावर.

कलमांबद्दल नानांची तक्रार नव्हती. आधी डॉगरिजचा रानटी खुंट लावायचा, तो पोसला की पावसाळा सरता सरता त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधायची, हे त्यांच्या हातातलं काम. युरोपानं एकोणिसाव्या शतकात अमेरिकन खुंट पत्करले ते मुळांना लागणाऱ्या फायलोक्झेरा किडीच्या भीतीनं. आपण पत्करले ते खारट पाणी आणि दुष्काळ यांच्या भीतीनं. नानांना खारट पाणी आणि दुष्काळ दोन्ही पाठ होते.

खरी ठिणगी पडली ती वायनरीचा फील्ड ऑफिसर बागेत आला तेव्हा. नुकताच बीएस्सी ॲग्री झालेला पोरगा, गळ्यात ओळखपत्र, हातात वही.

"नाना, याला जीए द्यायचं नाही."

"बरं. मग विरळणी कधी?"

"मण्यांची विरळणी नाही. घड जास्त आले तर जादाचे काढून टाकायचे."

"कुठं टाकायचे?"

"खाली, जमिनीवर."

"आन् मणी केवढा करायचा म्हणता?"

"जेवढा लहान राहील तेवढा चांगला."

नानांनी खिशातली पट्टी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. पोरगा समजावू लागला. शिराझचा गर आतून पांढराच असतो. रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून. लाल वाइन सालीसकट आंबवतात ती त्यासाठीच. मणी लहान, तर रसाच्या मानानं साल जास्त. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे कंपनी साल घेणार, आन् पाण्याचं वजन आम्ही उगाच वाढवत होतो?" पोरगा हो म्हणाला. नाना त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत.

बियांचं दुःख वेगळंच. वाइनच्या द्राक्षात बी असते आणि ती तपकिरी झाली की नाही यावरून फळ पिकल्याचं ठरवतात. "बी घालवण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या," नाना म्हणतात, "आन् हे साहेब ती चावून बघतात."

तरी नाना बागेपासून लांब राहिले नाहीत. राहताच येत नाही त्यांना. हातात कात्री असली, की समोरची वेल कोणाची आणि कशासाठी, हे ते विसरतात. छाटणीला तर त्यांच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नाही. फ्रान्समधली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, तिला वर्षातून एकदा छाटलं की भागतं. आपल्याकडची वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी. खरडीनंतरच्या उन्हात काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या पिकाचा घड आधीच ठरतो. गोडी छाटणीनंतर तो बाहेर पडतो. अशा हिशेबानं माल पावसाच्या तावडीतून सुटून जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतो.

गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. या रसायनाचा आणि दारूचा उभा दावा. ज्यानं पेस्ट लावली, त्यानं पुढचे काही दिवस घोटभरही घ्यायची नाही, नाहीतर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, प्रसंगी दवाखाना गाठावा लागतो. वाइनच्या हंगामाची सुरुवात अशी दारूबंदीनं होते. नाना माळकरी, त्यामुळे पेस्टचं काम दरवर्षी हक्कानं त्यांच्याकडे येतं.

डाऊनी या बुरशीरोगाच्या दिवसांत मात्र नानांचं खरं पाणी कळतं. परतीचा पाऊस रेंगाळला, की ते पहाटे बॅटरी घेऊन बागेत शिरतात. पान उजेडासमोर धरतात, वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग दिसतो का बघतात, मग उलटं करून त्याच जागी पांढरी बुरशी शोधतात. हे सगळं ओळीतून चालता चालता. फील्ड ऑफिसर मोबाइलवर हवामानाचा अंदाज उघडेपर्यंत नानांचा ट्रॅक्टर फवारायला निघालेला असतो.

एकदा वायनरीनं मुंबईचे पाहुणे बाग दाखवायला आणले. त्यांच्यातल्या एकानं कौतुकानं विचारलं, "नाना, बोर्डो माहीत आहे का?" नाना म्हणाले, "माहीत म्हणजे? दर पावसाळ्यात मारतो की." पाहुणे हसले, पण चूक नानांची नव्हती. मोरचूद आणि चुन्याचं ते निळं मिश्रण फ्रान्समधल्या त्या वाइनच्या बोर्डोचंच. तिथले बागाईतदार रस्त्याकडच्या वेलींवर ते शिंपडायचे, चोरट्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. त्या वेलींना डाऊनी लागत नाही, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. चोर पळवायला निघालेलं औषध बुरशी पळवू लागलं. नानांना ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे तिकडं पण चोर हायेत," असं म्हणून फ्रान्सबद्दल त्यांना प्रथमच आपुलकी वाटली.

घोडं अडलं ते पाण्यापाशी. मण्यात पाणी उतरायला लागलं, की वाइनच्या बागेचं पाणी आखडतं घ्यायचं, वेलीला जरा ताण द्यायचा, म्हणजे मणी लहान राहतो आणि रस दाट होतो. नानांच्या पोटात गोळा. रात्री सगळे झोपले, की ते हळूच जाऊन ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायचे. सकाळी ऑफिसर ओळीत वाकून माती मुठीत धरी. चिखल!

"नाना, पाणी कोणी सोडलं?"

"दव पडलं असंल."

त्यावर नानांनी पोटॅशही दिलं, गुपचूप. खायच्या द्राक्षाला गोडी यावी म्हणून जे देतात, तेच वाइनच्या रसात जास्त झालं तर आंबटपणा मोडतो. वाइनला दोन्ही हवं असतं, साखर आणि आंबट. आपल्या उन्हात साखर चढते तसं आम्ल भराभर उतरतं, म्हणून तर दिंडोरी-निफाडच्या थंड रात्रींची एवढी किंमत.

फेब्रुवारीत रिफ्रॅक्टोमीटर उन्हासमोर धरला, तर साखरेचा आकडा १९ ब्रिक्स. शिराझला हवे होते २३ च्या आसपास. एका ब्रिक्समागे साधारण अर्धा टक्का अल्कोहोल, हा वायनरीचा हिशेब, आणि ब्रिक्स उतरला की भाव उतरतो, हा करारातला. नानांचे मणी टपोरे, टंच, देखणे. वजनही भरघोस. पैसे कमी. नानांनी पट्टी लावून बघितली, शिराझचा मणी असून १६ च्या भोकात अडकला. त्यांचा चेहरा खुलला, मुलाचा पडला.

दुसऱ्या वर्षी नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, व्हॉल्व्हच्या कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. ब्रिक्स २३ वर गेला. पहाटे गारव्यात तोडणी झाली, क्रेट उन्हाआधी गाडीत चढले, पूर्ण भाव मिळाला. पुढे वायनरीनं त्याच मालाच्या वाइनचा ग्लास नानांपुढे धरला. माळकरी माणूस, पिणार कसला! वास घेतला, ग्लास उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "रंग बरा हाय. पोटॅश कमी पडलं."

नानांना हसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. करार करताना मुलानं भाव विचारला होता; नंतर तो वाचून दाखवला, तेव्हा नानांनी विचारलं होतं, "यांनी माल उचलला नाही तर?" २००१ च्या राज्याच्या वाइन-धोरणानंतर वायनऱ्या वाढल्या, शेतकऱ्यांनी हौसेनं बागा लावल्या आणि २००८ नंतरच्या मंदीत उचल थांबली, तेव्हा अनेकांनी त्याच बागांवर कुऱ्हाड चालवली. नानांनी ते बांधावरून पाहिलं होतं. खायचं द्राक्ष पडलं तर व्यापारी आहे, बेदाणा आहे. शिराझचं बारकं, बियांचं द्राक्ष मार्केटात कोणी हातात घेत नाही.

तेव्हा निवृत्तीनंतर नाशिककडे दोन एकर घेऊन वाइनची द्राक्षं लावायचा ज्यांचा बेत असेल, त्यांनी माती-पाणी तपासावं, खुंट चांगला घ्यावा, छाटणीला आणि डाऊनीला नानांसारखा माणूस गाठावा. पण त्याही आधी खरेदीचा लेखी करार करावा आणि व्हॉल्व्हची किल्ली काकूंकडे द्यावी.