देवळीच्या गुडघ्यांकडून खानदानी वैद्यराजांस

श्री. रा. रा. खानदानी वैद्यराज,
मु. पो. तंबू, नागपूर–तुळजापूर महामार्गाच्या कडेला, देवळी, जि. वर्धा



तुमचा फलक वाचूनच आमचे अर्धे रोग पळतात. मधुमेह, मूळव्याध, मूतखडा, दमा, दारू सोडवणे. सगळ्यांवर हिमालयातली जडीबुटी. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. पण दिल्लीचा कायदा देवळीला येईस्तोवर तुमचा मुक्काम पुलगावला हललेला असतो, त्याला तुम्ही काय करणार!

आमच्याकडे कापूस वेचून वेचून बायांचे गुडघे गेलेले. तुम्ही बाईची नाडी धरता, तिच्यादेखत मुळी कुटता आणि पुडी बांधताना मांडीआडच्या डब्यातली चिमूटभर पांढरी भुकटी त्यात सोडता. तिसऱ्या दिवशी बाई तुरुतुरु चालायला लागते. भूक खवळते, चेहरा गोल होतो. शेजारीण म्हणते, "काय वं, तब्येत सुधारली तुही!" असं गोल तोंड दिसलं की डॉक्टरला पहिला संशय येतो तो स्टिरॉइडचा. सांधेदुखीच्या 'शुद्ध वनस्पती' चूर्णांत डेक्झामेथासोन सापडणं काही नवलाचं राहिलेलं नाही. ते दुखणं दाबतं, रक्तातली साखर चढवतं, हाडं ठिसूळ करतं. महिनोन्महिने घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं सोडून देतं. मग पुडी संपली आणि तंबू उठलेला असला, तर बाईचा रक्तदाब असा कोसळतो की थेट भरतीच करावी लागते. गुण आला नाही तर मात्र दोष तिचाच. पथ्य मोडलं, वांगं खाल्लं!

तुमची काविळीची माळ तर काय वर्णावी? काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, माळ लांबत जाते आणि कावीळ 'उतरते'. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते, हे श्रेय तुम्ही मोठ्या मनाने स्वीकारता. गरोदर बाईला झालेली हेपटायटिस ई ही कावीळ मात्र माळेची लांबी मोजत थांबत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो तुमच्यावर मेहेरबान आहे. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. आणि वैद्य स्वतःच्या रुग्णापुरतं औषध बनवत असेल, तर बनवण्याच्या परवान्यातूनही त्याला सूट. ही सूट खऱ्या वैद्यांसाठी आहे. तुमची पदवी विचारायचा आगाऊपणा आम्ही कसा करावा? ती खानदानी आहे.

डबाबंद माल तरी काय सोवळा आहे? 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक औषधं तपासली, तर 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. कोरोनात सगळ्यांनी गुळवेलीचा काढा ढोसला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वेल ओळखण्यातच चूक झाली असेल. असेलही! पण मुंबईत वेलीची ओळख पटेना, तर देवळीत वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधलेल्या भुकटीची कोण पटवणार?

आमचा माणूस शेवटी सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात पोचतो. डॉक्टर विचारतात, "काय घेत होते?" नातेवाईक म्हणतात, "जडीबुटी जी." कोणती? किती दिवस? कुणाकडून? बिल नाही, चिठ्ठी नाही, नाव नाही. कशावर उतारा द्यायचा, हे त्या डॉक्टरने तुमच्यासारखं नाडी धरून ओळखावं काय?

म्हणून विनंती एवढीच. प्रत्येक पुडीवर आतल्या जिनसांची नावं लिहा, त्या पांढऱ्या भुकटीचंही. खाली तारीख आणि सही. हिमालयाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.

आपले नम्र,
देवळीकर गुडघे

ता. क. : फलकावरचा मोबाइल नंबर 'अस्तित्वात नाही' असं सांगतो. नवा नंबर कळवावा. आम्हाला नको, सेवाग्रामच्या डॉक्टरांना हवा आहे.