गंजाची वहिवाट

मनोरला लोखंडी वस्तूचा मालक हा केवळ सातबाऱ्यापुरता मालक असतो. प्रत्यक्ष वहिवाट गंजाची. लोह, पाणी आणि प्राणवायू एवढ्या तिघांचे संगनमत त्याला पुरते, आणि वैतरणेच्या खाडीवरून भरतीबरोबर येणारा खारा वारा या व्यवहारात दलालाचे काम इतक्या तत्परतेने करतो की, ज्येष्ठात चकचकीत दिसणारा कोयंडा भाद्रपदापर्यंत हाताला तांबडा रंग देऊ लागतो. तिकडे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद आणि त्याला खाऊन टाकणारी रसायने शेजारीशेजारी तयार होतात, ही नियोजनाची दूरदृष्टी म्हणावी की सृष्टीचा विनोद, याचा निवाडा मी करू इच्छित नाही.

आमच्याकडे एक वडिलार्जित प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या या गाडीच्या अखेरच्या टॅक्सीने, वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला आणि वर्तमानपत्रांनी तिच्यावर जे मृत्युलेख लिहिले ते वाचून, पडवीत ताडपत्रीखाली पडलेल्या आमच्या गाडीविषयी मला एकाएकी ममत्व उत्पन्न झाले. ब्रेकचे ड्रम, बंपरच्या पट्ट्या, जॅक अशी मंडळी बाहेर काढली तेव्हा धातू किती व गंज किती याचा पंचनामाच करावा लागला असता.

महामार्गावरच्या गावात मिस्त्रींचा तुटवडा नसतो, आणि मिस्त्री तितके उपाय. कोणी रॉकेल सांगे, कोणी डिझेल. घरातून चिंचेची शिफारस झाली. आंबट पदार्थ गंज विरघळवतात यात शंका नाही, परंतु गंज संपल्यावर कोठे थांबावे याचे तारतम्य आम्लाला नसते, आणि विसरलेला खिळा चिंचेच्या पाण्यात सुईच्या जाडीचा होऊ शकतो. सबब मी विजेचा मार्ग पत्करला. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी, बॅटरी चार्जरची ऋण तार ड्रमला, धन तार एखाद्या निरुपयोगी लोखंडी तुकड्याला: इतक्या सामग्रीवर गंज सुटून चिखल होऊन खाली बसतो, आणि तो निरुपयोगी तुकडा ड्रमसाठी देह झिजवतो. त्या तुकड्याच्या जागी घरातला स्टीलचा डाव लावण्याची सूचना मी तत्काळ फेटाळली. त्यातील क्रोमियमपासून विषारी क्षार पाण्यात उतरण्याचा धोका असतो, शिवाय डाव गेल्यावर वरणाचे काय, हा प्रश्न निराळाच.

बादलीतून हायड्रोजनचे बुडबुडे उसळत असतानाच शेजारचे निवृत्त तलाठी अण्णा बिडी ओढीत आले. त्यांची बिडी अंगणाबाहेर विझवून घेणे हा या संपूर्ण प्रयोगातला सर्वांत कठीण टप्पा ठरला.

ड्रम स्वच्छ धुतला, आणि आम्ही त्याच्या कांतीचे कौतुक करीत चहा घेत होतो तोवर त्या ओल्या हवेत त्यावर पुन्हा नारिंगी छटा चढली.

"अहो, बेदखल केलेलं कूळ आहे ते," अण्णा म्हणाले. "ताबा मिळाल्याबरोबर पुसून, तापवून तेल लावलं नाहीत, तर ते परत येणारच. शिवाय कायदा त्याच्या बाजूचा. १ एप्रिल १९५७ पासून कसणारी कुळं मालक झाली. यानं तर तुमचं लोखंड किती वर्षं कसलंय!"

तेव्हा मी तडजोडीवर आलो. पुन्हा घासून, सांदीत उरलेल्या गंजावर हिरड्याचा दाट काढा फासला. हिरड्यातील तुरट द्रव्य गंजाशी संयोग पावले की निळसर काळा थर बनतो, आणि नव्या गंजाला तो काही अंशी अटकाव करतो. लोहक्षार आणि तुरट द्रव्य यांचीच पूर्वी लिहिण्याची शाई होत असे, हे ऐकून अण्णांनी ड्रमकडे प्रथमच आदराने पाहिले. कुळाची नोंद अखेर दप्तरी लागली होती.

खाली पडलेली तांबडी भुकटी मात्र त्यांनी फेकू दिली नाही. मंडूरभस्म पांडुरोगावर देतात, हे त्यांना ठाऊक होते. मी सांगितले की, ते लोहकिट्टापासून करतात, मोटारीच्या गंजापासून नव्हे. शिवाय शास्त्रात किट्ट शंभर वर्षांचे असल्यास उत्तम, ऐंशीचे मध्यम आणि साठीचे कनिष्ठ मानले आहे, आणि आमची पद्मिनी अद्याप कनिष्ठ ठरण्याच्याही वयाची झालेली नाही.

"मग डबा ठेवा जपून," अण्णा म्हणाले, "आणि नातवाच्या नावे करून टाका. वारसनोंदीचा अर्ज मी लिहून देतो."