थांबवून तपासलेला गेम

युनिटी किंवा गोडो या गेम इंजिनमध्ये गेम उघडायचा, त्याला एआय एजंट जोडायचा आणि खुर्ची मागे सरकवायची. एजंट गेम सुरू करतो, बटणं दाबतो, स्क्रीनशॉट घेतो, कन्सोलमधले एरर वाचतो, कोड बदलतो आणि गेम पुन्हा चालवून बघतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हापासून ही जोडणी फारच सोपी झाली. घरबसल्या गेम बनवणारा एकटा पोरगाही आता रात्री एजंटला कामाला लावून झोपू शकतो.

असं टूल मला मनापासून हवं आहे. टेस्टरला दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते काम आठवडाभर करून बघावं. एकाच भिंतीला शंभर जागी धडकायचं आणि पात्र कुठे आरपार जातंय का ते पाहायचं. दार उघडता उघडता पॉज दाबायचा. सेव्ह चालू असताना कंट्रोलर उपटायचा. आणि कालच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या आवृत्तीत, जे जे चाललं, ते आजच्या बिल्डमध्ये पहिल्यापासून पुन्हा. यात माणसाची मनगटं झिजवण्यासारखं थोर काहीही नाही. यंत्राने घ्यावं हे काम, आजच घ्यावं.

पण एजंटने गेम ‘खेळून पाहिला’ असं कुणी सांगितलं की मी अडतो. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असेल, तर एक फ्रेम डोळ्यांसमोर जेमतेम १७ मिलिसेकंद असते. एजंटला मात्र एक स्क्रीनशॉट बघून पुढचं बटण ठरवायलाच काही सेकंद जातात. तेवढ्या वेळात राक्षस येऊन तलवार मारून गेलेला असतो. म्हणून अशा टूलमध्ये गेमचं घड्याळच थांबवण्याची सोय लागते: गेम गोठवा, एजंटला विचार करू द्या, एक पाऊल पुढे सरकवा, पुन्हा गोठवा. युक्ती उत्तम आहे. भिंतीतून आरपार जाणारं पात्र त्यात सापडतं, मिशन अडकलं तर तेही सापडतं. उडीचं बटण दाबल्यावर पात्र जरासं उशिरा उचललं जातं आणि बोटांना चीड येते, हे त्यात कुठून सापडणार? कॅमेरा गर्रकन वळल्यावर पोटात ढवळतं ते? तिसऱ्यांदा हरल्यावर ‘आणखी एकदाच’ वाटतं की गेम काढून टाकावासा वाटतो, ते? खेळाडू वाहत्या वेळात खेळतो, आणि नेमका तो वेळच इथे बंद केलेला असतो.

आकड्यांवर विसंबणाऱ्यांसाठी एक जुनी बोट आहे. २०१६ मध्ये ओपनएआयने ‘कोस्टरनर्स’ या बोटींच्या शर्यतीच्या गेममध्ये एका प्रोग्रॅमला गुण मिळवायला शिकवलं. त्याने शर्यत सोडून दिली. एका कोपऱ्यात तो गोल गोल फिरत राहिला, तीच तीन लक्ष्यं पुन्हा पुन्हा उडवत. बोट पेटली, दुसऱ्या बोटींवर आदळली, उलटी धावली. गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त. अहवालात फक्त गुण वाचले असते, तर ती बोट अव्वल ठरली असती.

आता कंपन्यांकडे वळू. स्क्वेअर एनिक्सने २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२७ अखेरपर्यंत टेस्टिंग आणि डीबगिंगचं ७० टक्के काम जनरेटिव्ह एआयने करायचं उद्दिष्ट आहे. त्या ७० टक्क्यांशी माझं भांडण नाही. मला उरलेल्या ३० टक्क्यांबद्दल विचारायचं आहे: त्या माणसांचं ऐकणार कोण?

कारण बग सापडत नव्हते म्हणून मोठे गेम बुडाले, ही समजूतच चुकीची आहे. १० डिसेंबर २०२० रोजी ‘सायबरपंक २०७७’ आला. जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो इतका कोसळत होता की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढला. परत यायला जून २०२१ उजाडला. गेम बनवणाऱ्या कंपनीच्या सहसंस्थापकाने माफी मागताना सांगितलं की खेळाडूंना आलेल्या अनेक अडचणी टेस्टिंगमध्ये दिसल्याच नव्हत्या. काही दिवसांतच त्याच कंपनीतल्या लोकांनी ब्लूमबर्गला सांगितलं की नेहमीचे बरेचसे बग आम्हाला सापडले होते, दुरुस्त करायला वेळच नव्हता. दोष मात्र टेस्टिंगच्या नावावर लागला.

ज्यांच्या नावावर तो लागतो, त्यांची अवस्था काय असते तेही बघा. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोन’ तपासणाऱ्या १२ कंत्राटी टेस्टरांना घरी जायला सांगितलं. उरलेल्यांनी काम बंद केलं आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी आपली युनियन उभी केली. आपल्या पुण्यातही युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे आणि तिथे टेस्टिंग होतं. गेमच्या धंद्यात शिरायचं तर अनेक पोरापोरींना हेच पहिलं दार उघडं मिळतं. एजंट आला म्हणून ते दार लावून घेतलं, तर दहा वर्षांनी गेम डिझाइन करणारे अनुभवी लोक आणणार कुठून?

नव्या टूलने एक गोष्ट मात्र फार चांगली केली आहे: ‘तपासायला वेळ मिळाला नाही’ ही सबब संपवली. एजंट रात्रभर जागतो, प्रत्येक क्रॅशची तारीखवार नोंद ठेवतो. त्यामुळे माझी मागणी साधी आहे. गेम बाजारात येईल त्या दिवशी, माहीत असूनही न दुरुस्त केलेल्या बगची यादी विकत घेणाऱ्याला दाखवा. आणि बिल्ड बाहेर पडण्याआधी त्यावर अशा एका टेस्टरची सही घ्या, ज्याने तो गेम घड्याळ न थांबवता खेळला आहे आणि ज्याला ‘नाही’ म्हटल्याबद्दल नोकरीवरून काढता येणार नाही.