क्यूच्या वृक्षमंडळींस अनावृत पत्र

मु. पो. क्यू वनस्पती उद्यान, लंडन

आदरणीय गिंको आजोबा व समस्त वृक्षमंडळी,

सा. न. वि. वि.

यंदाच्या नाताळच्या रोषणाईतल्या कामगिरीबद्दल आपणा सर्वांचं अभिनंदन. आजोबा, १७६२ साली तुम्हाला इथे लावलं. तुमचं कूळ तर डायनोसॉरच्या काळातलं. पण एवढ्या दीर्घ कारकिर्दीत तुम्ही सावली देण्यापलीकडे काय केलंत? २०१३ साली ‘ख्रिसमस अ‍ॅट क्यू’ ही रोषणाई सुरू झाली, तेव्हा कुठे झाडांना काम मिळालं: विजेच्या माळा अंगावर घेऊन उभं राहण्याचं.

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन आम्हीही आलो होतो. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य गुडूप, त्यामुळे अंधाराची चिंता नव्हती. दर झाडासमोर थांबायचं, झाडाकडे पाठ करायची आणि हसायचं, असा कार्यक्रम झाला. तुमचं नाव कुणी विचारलं नाही. पाटी होती, पण ती उजळत नव्हती ना! एका काकूंनी तेवढं विचारलं, “झाड खरं आहे की प्लास्टिकचं?” राग मानू नका, त्या रंगात मलाही क्षणभर शंका आली.

पाम हाउसच्या काचा तर नुसत्या झगमगत होत्या. आत १७७५ साली आफ्रिकेतून आलेलं सायकडचं झाड अजून कुंडीत बसलंय, पण त्याला संगीताच्या तालावर रंग बदलता येत नाही. मग त्याच्याकडे कोण बघणार?

मी पाहुण्यांना थिओडोर कुकसाहेबांबद्दल सांगू लागलो. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे हे प्राचार्य निवृत्तीनंतर क्यूमध्ये वाळवलेले नमुने तपासत बसले आणि १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. सह्याद्रीतल्या झाडाझुडपांचे अभ्यासक आजही तो उघडतात. पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिथे सेल्फी पॉइंट आहे का?”

पॉइन्सेटियाताईंना मात्र माझा खास निरोप द्या. नाताळचं फूल म्हणून त्या मिरवतात, पण त्यांची पानं लाल व्हायला सलग लांब, काळोखी रात्र लागते. मध्येच दिवा लावला की गडबड. शेवंतीचीही तीच तऱ्हा, म्हणून तर फूलशेतीत रात्री दिवे लावून तिचा बहर लांबवतात. अशा काळोखाच्या लेकीला रोषणाईच्या सणाची मानकरी करणं आपल्यालाच जमावं!

तरीही रुसू नका. या रोषणाईच्या तिकिटांचा पैसा बागेच्याच कामी येतो, आणि क्यूमधले ७० लाख वाळवलेले नमुने सांभाळायलाही पैसा लागतोच. आमची पाठ बघून का होईना, तेवढं सोसा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक प्रेक्षक

ता. क. पुणेकर पाहुण्यांसाठी: बागेचं दिवसाचं तिकीट रोषणाईच्या तिकिटापेक्षा स्वस्त असतं, आणि झाडं तीच असतात.