समुद्रातली हरळी

नगरपासून समुद्र अडीचशे किलोमीटरवर. तो तिथेच बरा होता. पण मी त्याला सावेडीतल्या हॉलमध्ये आणून बसवला. 200 लिटरची काचेची टाकी, लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने 7 किलो खास समुद्री मीठ आणि दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश. प्रवाळाचाही मोह होता, पण तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला बसलाय. मग सिरॅमिकच्या दगडावर भागवलं.

राहुरी तालुक्यातून सासरे आले. टाकीत बोट बुडवून त्यांनी चव घेतली.

"पाव्हणं, उसाला पाणी पाजून पाजून आमचं रान चोपण झालं, विहीर खारी झाली. ती गोडी करता करता माझी हयात गेली. अन् तुम्ही मुळा धरणाचं गोडं पाणी पैसे घालून खारं करताय?"

मी टाकीच्या मोटारीची वायर नीट करायला खाली वाकलो, तो ते चहाला उठेपर्यंत वर आलो नाही.

दगड मी मुद्दाम दुकानातल्या टाकीत मुरलेला घेतला होता. पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू त्यावर आयते वस्तीला असतात. त्यांच्यासोबत एक पोटभाडेकरूही आला. पेराएवढा तपकिरी, काचेसारखा देठ आणि वर झिपऱ्या. समुद्रफुलांच्या कुळातला हा ऐप्टेशिया. मला वाटलं, दगडावर फूल फुकट मिळालं. बायकोने त्याचा फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला. मी त्याला कोळंबीचा तुकडा भरवला. क्लाउनफिश समुद्रफुलात संसार थाटतात, हे सिनेमामुळे पोराटोरांनाही ठाऊक. आमच्या जोडप्याने मात्र भाड्याची खोली पाहावी तसं ते लांबून पाहिलं आणि पुन्हा तिकडे फिरकलं नाही.

महिन्याभरात एकाचे अकरा झाले. झिपऱ्यांत डंख असतो. टाकीतली एक गोगलगाय त्या बाजूला जायचीच बंद झाली. मी चिमटा घेतला. हात लागताच ऐप्टेशिया भोकात गडप. तरी एक ओढून काढला आणि विजयी मुद्रेने बायकोला दाखवला. दहा दिवसांनी त्याच जागी सात. तळव्याचा बारकासा तुकडा दगडाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवा जीव उभा राहतो, हे मला नंतर कळलं.

"हरळी आहे ही," सासरे म्हणाले. "कांडी राहिली की रान गेलं. खुरप्याने वाढते ती."

मग उपाय शोधले. परदेशी औषधाच्या डब्याची किंमत वाचून घाम फुटला. घटक वाचल्यावर हसू फुटलं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड. म्हणजे सासऱ्यांच्या तंबाखूच्या डबीतला चुना! ते दुपारी लवंडल्यावर मी डबी लांबवली. मोटार बंद केली, चुना सिरिंजमध्ये भरला आणि एकेकाच्या तोंडात सोडला. एका वेळी तीन-चारच, नाहीतर सगळ्या टाकीलाच चुना लागायचा. ते तीन-चार खरंच विरघळले. सासरे उठले, रिकामी डबी पाहिली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे पेपरमिंट श्रिंप आणली. ही कोळंबी ऐप्टेशिया खाते. शेजारच्या काकू पाहायला आल्या. "एवढ्याशा दोनच? कालवणाला कशा पुरायच्या?" कोळंबीने पहिले आठ दिवस माशांचं खाणं पळवलं. मग रात्री दिवे मालवल्यावर बारके ऐप्टेशिया कुरतडायला लागली. मोठ्यांच्या वाटेला मात्र ती गेली नाही.

गंमत म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांत हाच प्राणी लाडाने वाढवतात. प्रवाळासारखंच त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न करून त्याला देतं. म्हणून प्रवाळाचं दुखणं समजायला तो सोयीचा. 2015 मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. आमच्या हॉलमध्ये मात्र संशोधन एकाच प्रश्नावर अडलं होतं: एवढे होतात कसे?

उत्तर सासऱ्यांनी दिलं. मी माशांना दिवसातून तिसऱ्यांदा दाणे टाकत होतो. निम्मे मासे खायचे, निम्मे तळाशी चाललेले झिपऱ्या वरच्या वर झेलायच्या.

"मासे दोन अन् गव्हाण बैलाची," ते म्हणाले. "पाणी आम्ही जास्त पाजलं, खाणं तुम्ही जास्त घालताय. तण बाहेरून येतं, पाव्हणं, पण पोसतो आपणच."

तेव्हापासून खाणं दिवसातून एकदाच, चिमूटभर. नवे उगवणं थांबलं. आज टाकीत तीन ऐप्टेशिया आहेत. सासरे आले की आधी ते मोजतात, मग पाणी मागतात.

तुम्हालाही असा समुद्र पाळायचा असेल, तर दगड घेताना दुकानातच टॉर्च मारून भोकं तपासा. एवढं करूनही आलाच, तर आधी माशांचं खाणं कमी करा, चुन्याचं नंतर बघा. आणि चुना डबीतला घेणार असाल, तर विचारून घ्या.